एकेरी वाट, दुहेरी वाट

इतिहास म्हटला की गड, तह, लढाया आणि राजवंशांच्या वंशावळी आपल्या मनापुढे उभ्या राहतात. रस्त्यावर रंगवलेला बाण कोणत्या दिशेला आहे, हा इतिहासाचा विषय होऊ शकेल असे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. परंतु शहर कोणासाठी चालवले जाते, तेथे कोणाच्या वेळेला किंमत आहे आणि कोणाच्या पायपिटीला नाही, हे त्या बाणावरून जितके स्पष्ट कळते तितके नगरभवनातील संगमरवरी शिलालेखावरून कळत नाही. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा आग्रह संपादक मंडळाने केला, तेव्हा आम्ही हा काहीसा आडवळणाचा विषय मुद्दाम निवडला. आपण सारे भिलाईकर महाराष्ट्रापासून दूर राहतो आणि वर्षा-दोन वर्षांनी पुण्याला, नागपूरला किंवा मुंबईला आप्तस्वकीयांकडे जातो. गेल्या खेपेला ज्या रस्त्याने रिक्षा सरळ घरापर्यंत गेली, तोच रस्ता पुढल्या खेपेला ‘प्रवेश बंद’ची लाल तबकडी दाखवतो, हा अनुभव पुष्कळांच्या गाठीशी असेल. दुहेरी रस्ते एकेरी का झाले आणि जगात काही ठिकाणी ते पुन्हा दुहेरी का होऊ लागले, याची हकिकत येथे थोडक्यात मांडण्याचा विचार आहे.

प्राचीन काळची वाहतूक

गर्दीचा प्रश्न मोटारीबरोबर जन्माला आला, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. ज्यूलियस सीझरच्या काळच्या, इ. स. पूर्व ४५ च्या सुमाराच्या कायद्याने रोम शहरात दिवसा मालवाहू गाड्या आणण्यास मनाई केली होती. देवालयांच्या बांधकामाचे सामान वाहणाऱ्या गाड्यांसारखे मोजके अपवाद त्यात होते. परिणाम असा झाला की गाड्या रात्री धावू लागल्या आणि नागरिकांची झोप उडाली. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला जन्म देते, याचा हा फार जुना दाखला होय.

इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरातील फरसबंदीवर गाड्यांच्या चाकांच्या चाकोऱ्या आजही दिसतात. अमेरिकी पुरातत्त्वज्ञ एरिक पोलर यांनी या चाकोऱ्यांचा, तसेच कडेच्या आणि मधल्या दगडांच्या झिजेचा बारकाईने अभ्यास केला. दगडाची कोणती बाजू अधिक झिजली आहे यावरून गाडी कोणत्या बाजूने येत असे हे ताडता येते. तेथील कित्येक अरुंद रस्ते एकेरी असावेत, असा निष्कर्ष त्यांनी यातून काढला. पाटी नाही, शिपाई नाही. पण दगडाने साक्ष दिली.

लंडनमध्ये १६१७ साली थेम्स नदीकाठच्या काही अरुंद गल्ल्यांत गाडीवानांनी एकाच दिशेने जावे, असा दंडक घालण्यात आला. पुढे १६६६ च्या भीषण आगीमुळे प्रसिद्धीस आलेली पुडिंग लेन ही त्यांपैकीच एक. त्यानंतरची हकिकत अधिक मनोरंजक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी हम्फ्री डेव्ही हे रसायनशास्त्रज्ञ अल्बेमार्ल स्ट्रीटवरील रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्याने देत असत. ती ऐकण्यास येणाऱ्यांच्या बग्ग्यांची एवढी दाटी होई की तो रस्ता एकेरी करावा लागला. लंडनमधील पहिला एकेरी रस्ता तोच, असे सांगण्याचा प्रघात आहे. विज्ञानाच्या व्याख्यानासाठी रस्त्याची दिशा ठरवावी लागली, ही गोष्ट आजच्या व्याख्यानमालांच्या चालकांना हेवा वाटावा अशीच आहे!

या साऱ्या उदाहरणांत एक गोष्ट समान दिसते. रस्ता अरुंद, दोन गाड्या समोरासमोर आल्या तर कोणीच पुढे जाऊ शकत नाही, म्हणून एक दिशा ठरवायची. ती गरज होती. विसाव्या शतकात मात्र रुंद रस्तेही एकेरी होऊ लागले. त्यामागे गरजेपेक्षा वेगाचा विचार होता.

पेठांतील रस्ते

या बदलाचे महाराष्ट्रातील सर्वांच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे पुणे. जुने पुणे हे पेठांचे शहर. कसब्याभोवती एकेक पेठ वसत गेली. १७३० ते १७३२ या काळात शनिवारवाडा उभा राहिला आणि शहराला नवे केंद्र मिळाले. पेठांतील रस्ते माणसांसाठी, पालख्यांसाठी, घोड्यांसाठी आणि फार तर बैलगाड्यांसाठी होते. वाड्याची ओसरी किंवा दुकानाची फळी जेथे संपे तेथे रस्ता सुरू होई. रस्ता जाण्यायेण्यासाठी होताच. शिवाय तो उभे राहण्यासाठी, भाव करण्यासाठी, चौकशी करण्यासाठी आणि पुणेरी पद्धतीने मतभेद व्यक्त करण्यासाठीही होता.

विसाव्या शतकात या जुन्या वस्तीतून लक्ष्मी रस्ता, शिवाजी रस्ता, बाजीराव रस्ता असे मोठे मार्ग काढण्यात आणि रुंद करण्यात आले. बाजीराव रस्त्यावर दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा, नूतन मराठी विद्यालय आणि अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांची दुकाने. शिवाजी रस्त्यावर दगडूशेठ हलवाई गणपती आणि जवळच १८८६ साली सुरू झालेली मंडई. लक्ष्मी रस्त्यावर कापडाची नि सोन्याचांदीची पेढी. लग्नाचा बस्ता येथे, मुलांची पाठ्यपुस्तके येथे, गौरीगणपतीची खरेदी येथे. परगावी राहणाऱ्या मराठी माणसाची पुण्याची ओळख प्रायः याच तीन रस्त्यांनी झालेली असते.

तो काळ सायकलींचा आणि टांग्यांचा होता. १९५० साली पुणे म्युनिसिपल ट्रान्सपोर्टच्या, म्हणजे आपल्या पीएमटीच्या बसगाड्या सुरू झाल्या. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, ते सार्थच होते. सायकलस्वार समोरून आलेल्या सायकलस्वाराला वाट देऊ शकतो, एक पाय टेकून दोन शब्द बोलू शकतो, वळून मागे जाऊ शकतो. सायकलीची जागा स्कूटरने घेतली, तिच्या मागून मोटार आली आणि पेठांतील रस्ते मात्र तेवढेच राहिले. रस्त्यांची रुंदी वाढवावी तर वाडे पाडावे लागणार. तेव्हा रुंदी न वाढवता रस्ता मोठा करण्याची युक्ती म्हणून एकेरी वाहतूक आली.

युक्तीचे गणित

ही युक्ती निव्वळ खुळचट नव्हती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. तिच्यामागे एक साधे गणित आहे. दोन दुहेरी रस्ते एकमेकांना छेदतात अशा चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना कापतात, मिळतात किंवा फुटतात अशा जागा मोजल्या तर त्या ३२ भरतात. तेच दोन्ही रस्ते एकेरी असतील तर अशा जागा केवळ ५ उरतात. समोरून येणाऱ्या वाहनाला कापून उजवीकडे वळण्याचा सर्वांत धोक्याचा प्रसंगच टळतो. शिवाय ओळीने येणारे सिग्नल अशा बेताने लावता येतात की एका चौकातून सुटलेल्या वाहनांच्या तांड्याला पुढचे चौकही हिरवे मिळत जावेत. दुहेरी रस्त्यावर दोन्ही दिशांना हा मेळ बसवणे फार कठीण. म्हणून वाहतूक अभियंते आणि पोलीस अधिकारी या दोघांनाही एकेरी रस्ता प्रिय.

त्यासाठी दोन समांतर रस्त्यांची जोडी लागते : एक जाण्याचा, एक येण्याचा. पुण्यात ती जोडी तयारच होती. शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे जाण्यासाठी शिवाजी रस्ता आणि स्वारगेटच्या बाजूने शनिवारवाड्याकडे येण्यासाठी बाजीराव रस्ता, अशी वाटणी झाली. लक्ष्मी रस्त्यावरची वाहने पूर्वेकडून टिळक चौकाकडे, म्हणजे अलका टॉकीजच्या चौकाकडे, जाऊ लागली. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीची दिशाही बेलबाग चौकाकडून टिळक चौकाकडे अशीच असल्यामुळे निदान गणपतीला तरी वाहतुकीचा नियम मोडावा लागत नाही! नदीपलीकडे हीच वाटणी फर्ग्युसन महाविद्यालय रस्ता आणि जंगली महाराज रस्ता यांच्यात झाली : पहिला डेक्कनकडे येणारा, दुसरा डेक्कनहून शिवाजीनगरकडे जाणारा.

हिशेबाची दुसरी बाजू

आता या व्यवस्थेच्या खर्चाची बाजू पाहू. डेक्कनहून १९६८ साली उभ्या राहिलेल्या बालगंधर्व रंगमंदिरात नाटकाला जायचे तर रस्ता सरळ आहे. नाटक संपल्यावर परत डेक्कनला यायचे तर वाहनाला आधी उलट दिशेने पुढे जावे लागते, मग वळून फर्ग्युसन रस्ता गाठावा लागतो आणि त्यावरून खाली यावे लागते. चालत जे अंतर दहा मिनिटांचे, ते वाहनाला प्रदक्षिणेचे होते. एकट्याची प्रदक्षिणा क्षुल्लक. पण रोज हजारो वाहने अशी अधिक अंतर कापतात तेव्हा जी गर्दी कमी करायची होती तिच्यातच भर पडते. वाहने वेगाने पुढे जातात खरी, परंतु ती अधिक अंतर जातात. पहिली गोष्ट मोजली जाते, दुसरी सहसा मोजली जात नाही.

बसने जाणाऱ्याची अडचण निराळी. दुहेरी रस्त्यावर ज्या थांब्यावर उतरलो त्याच्या समोरच परतीचा थांबा असतो. एकेरी रस्त्यावर तो दुसऱ्याच रस्त्यावर असतो. मंडईजवळ शिवाजी रस्त्यावर उतरलेल्या वृद्ध बाईंना परतीची बस बाजीराव रस्त्यावर शोधावी लागते. पुण्यात जन्म काढलेल्यांना याचे काही वाटत नाही. पण सात-आठ दिवसांसाठी बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्याला भाजीच्या पिशव्या हातात घेऊन परतीचा रस्ता विचारत हिंडावे लागते. शहर परक्याशी कसे वागते हे अशा वेळी कळते.

पायी चालणाऱ्याचे दुःख त्याहून मोठे. रस्ता ओलांडताना एकाच बाजूला पाहावे लागते, म्हणून एकेरी रस्ता सुरक्षित, असे सांगतात. परंतु समोरून कोणी येत नाही ही खात्री वाहन चालवणाऱ्याचाही सावधपणा कमी करते आणि वेग वाढवते. रस्त्याच्या सर्व मार्गिकांतून एकाच दिशेने वाहनांचा लोंढा येतो. मध्ये थांबावे असे ठिकाण नसते. त्यातून आपल्याकडे उलट दिशेने दुचाकी दामटणारे महाभाग असतात. म्हणजे एकाच बाजूला पाहून चालत नाहीच.

दुकानदाराचाही एक हिशेब आहे. सकाळी कामावर जाणारी वाहने ज्या रस्त्याने जातात तो रस्ता आणि संध्याकाळी परतताना ज्या रस्त्याने येतात तो रस्ता, यांचे नशीब एकसारखे नसते. संध्याकाळी घरी परतणारा माणूस थांबून काही विकत घेतो. सकाळी घाईत असलेला घेत नाही. एका अधिसूचनेने एका रस्त्याचा व्यापार बसावा आणि शेजारच्या रस्त्याचा उठावा, असे घडू शकते.

अधिसूचनेचा विषय निघालाच आहे, तर आम्ही ज्या क्षेत्रात आयुष्य घालवले त्यातील दोन शब्द सांगणे अस्थानी होणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११५ व्या कलमाने सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा सोयीसाठी विशिष्ट रस्त्यांवर वाहनांना मनाई वा निर्बंध घालण्याचा अधिकार राज्य सरकारला आणि त्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्यांना दिला आहे. निर्बंध एक महिन्याहून अधिक काळासाठी नसेल तर राजपत्रात प्रसिद्धीची आवश्यकता नाही. स्थानिक प्रसिद्धी पुरते. तरतूद योग्यच आहे, कारण खोदकाम, जत्रा, पूर अशा प्रसंगी तातडीने निर्णय घ्यावा लागतो. परंतु कार्यालयीन जीवनाचा ज्यांना परिचय आहे त्यांना ‘प्रायोगिक तत्त्वावर’ या शब्दप्रयोगाचे आयुष्य किती दीर्घ असते, हे सांगावयास नको. प्रयोग सुरू झाल्याची तारीख फाइलमध्ये असते. प्रयोगातून काय निष्पन्न झाले याचा कागद क्वचितच सापडतो. हरकती व सूचना मागवल्या जातात. त्या पाठवतात ते लिहिणारे-वाचणारे लोक. भाजीची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाई हरकत नोंदवत नाहीत. त्या फक्त अधिक चालतात.

सातासमुद्रापलीकडचे वळण

रुंद रस्ते वेगासाठी एकेरी करण्याची लाट सर्वांत जोरात उसळली ती अमेरिकेत. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे घरोघर मोटार आली. लोक शहराबाहेरच्या उपनगरांत राहावयास गेले आणि कामासाठी रोज शहराच्या मध्यभागी येऊ लागले. रुळांमुळे रस्त्याला दोन्ही दिशा देणाऱ्या ट्रामगाड्याही एकामागून एक बंद होत होत्या. (मुंबईच्या ट्रामनेही ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची फेरी केली.) न्यू यॉर्कचे प्रख्यात फिफ्थ व मॅडिसन हे दोन अॅव्हेन्यू जानेवारी १९६६ मध्ये एकेरी झाले. लहानमोठ्या कित्येक गावांनी हाच कित्ता गिरवला.

अडचण अशी झाली की मध्यवस्तीत येणे सोपे करताना मध्यवस्तीतून निघून जाणेही तितकेच सोपे झाले. संध्याकाळी पाच वाजता कचेऱ्या सुटल्या की मोटारींचा लोंढा उपनगरांकडे निघे आणि मागे राहिलेल्या बाजारपेठा ओस पडत. रस्ता वाहनांना वाहून नेणारा पाट झाला. दोन्ही काठ कोरडेच राहिले. न्यू यॉर्कसारख्या गजबजलेल्या नगरीला हे सोसले. लहान शहरांना सोसले नाही.

चार-पाच दशकांनंतर काही शहरांनी उलटा विचार सुरू केला. वॉशिंग्टन राज्यातील व्हँकूव्हर नावाच्या गावाने आपल्या मरगळलेल्या मुख्य बाजाररस्त्याच्या सुधारणेसाठी पुष्कळ उपाय करून पाहिले होते. २००८ साली त्यांनी तो रस्ता पुन्हा दुहेरी केला. मोठे बांधकाम नाही, पाडापाड नाही. मुख्य काम होते ते रंगाच्या पट्ट्यांचे आणि पाट्यांचे. थोड्याच काळात दुकानदारांना गिऱ्हाईक वाढल्याचे जाणवू लागले.

केंटकी राज्यातील लुईव्हिल येथील अनुभव तर मोजमापासह उपलब्ध आहे. तेथे २०११ साली ब्रुक स्ट्रीट आणि फर्स्ट स्ट्रीट हे दोन एकेरी रस्ते दुहेरी करण्यात आले. जवळचे तसेच दोन रस्ते एकेरीच राहिले. त्यामुळे तुलना करणे सोपे झाले. जॉन गिल्डरब्लूम आणि विल्यम रिग्ज या अभ्यासकांना असे आढळले की दुहेरी झालेल्या रस्त्यांपैकी एकावर अपघात ३६ टक्क्यांनी आणि दुसऱ्यावर ६० टक्क्यांनी घटले, आणि तेही वाहनांची संख्या वाढलेली असताना. गुन्हेही कमी झाले. कारण उघड आहे. समोरून वाहन येऊ शकते ही जाणीव चालकाला सावध ठेवते, वेग आपोआप उतरतो. आणि वेग उतरला की माणसे रस्त्यावर थांबतात, दुकानात डोकावतात, एकमेकांना पाहतात. ज्या रस्त्यावर पाहणारे डोळे असतात तेथे चोराला उभे राहणे कठीण जाते. चौकातील ३२ जागांचे गणित खोटे नव्हते. ते अपुरे होते.

आपल्या देशातील प्रयोग

आपल्याकडे कोलकात्याने फार वर्षांपूर्वी एक मजेशीर तोड काढली. तेथील अनेक रस्ते सकाळी एका दिशेने एकेरी असतात आणि दुपारनंतर तेच रस्ते उलट दिशेने एकेरी होतात. घड्याळाप्रमाणे रस्त्याची दिशा बदलते. स्थानिक माणसाला ते अंगवळणी पडले आहे. नवखा मात्र दुपारच्या सुमारास भांबावतो. सकाळची आणि संध्याकाळची वाहतूक सारखी नसते, ही गोष्ट निदान त्या शहराने ओळखली.

चेन्नईच्या अण्णा सालै या मुख्य रस्त्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. मेट्रो रेल्वेच्या कामासाठी तो रस्ता २०१२ च्या सुमारास काही भागात एकेरी करण्यात आला. काम आटोपल्यावर २०१९ मध्ये तो पुन्हा दुहेरी झाला. तात्पुरता म्हणून घातलेला निर्बंध खरोखरच उठवण्यात आला, ही आम्हांस त्या घटनेतील सर्वांत कौतुकाची बाब वाटते.

मग पुण्याने लक्ष्मी रस्ता किंवा शिवाजी रस्ता उद्याच दुहेरी करावा काय? तसे सुचवण्याचे धाडस आम्ही करणार नाही. अमेरिकी गावांतील रस्ते रुंद होते आणि बाजारपेठा ओस पडल्या होत्या. पुण्याच्या पेठांतील रस्ते अरुंद आहेत आणि बाजारपेठा ओसंडून वाहत आहेत. तेथे गिऱ्हाईक यावे हा प्रश्न होता. येथे गिऱ्हाइकाला पाय ठेवावयास जागा मिळावी हा आहे. दुसऱ्याच्या रोगावरचे औषध आपण घेऊ नये, हे शहाणपण वैद्यकाइतकेच नगररचनेलाही लागू आहे. परंतु औषध उसने घेता आले नाही तरी निदानाची पद्धत घेता येते. ती पद्धत अशी की, रस्त्यावरून किती वाहने गेली एवढेच न मोजता किती माणसे गेली, किती थांबली, किती जणांना वळसा पडला, तेही मोजावे.

पुण्याने त्या दिशेने काही पावले टाकलीही आहेत. २०१६ साली महानगरपालिकेने पादचारी धोरण स्वीकारले. त्याच सुमारास जंगली महाराज रस्त्याच्या पुनर्रचनेला प्रारंभ झाला. रस्ता एकेरीच ठेवून कडेचा पदपथ प्रशस्त केला, बसण्यास बाके आली, झाडांना जागा मिळाली. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर वाहनांसाठी बंद ठेवून ‘पादचारी दिन’ साजरा झाला आणि पुढे तो दरवर्षीचा उपक्रम ठरला. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट या भुयारी मेट्रोमार्गाचे उद्घाटन होऊन कसबा पेठ आणि मंडई येथे स्थानके सुरू झाली. मंडईच्या स्थानकातून येण्याचा आणि जाण्याचा रस्ता एकच आहे. पिशव्या घेतलेल्या बाईंना निदान तेथे तरी परतीचा थांबा शोधत हिंडावे लागत नाही. पेठांना हरवलेली दुसरी दिशा जमिनीखालून परत मिळाली, असे म्हणावयास हरकत नाही.

आपला रस्ता

हे सारे भिलाईच्या स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. भिलाईचे नगर पेठांसारखे आपोआप वाढलेले नव्हे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाबरोबर करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि कारखान्याबरोबर सेक्टरांची आखीव वसाहत उभी राहिली. रुंद रस्ते, दुतर्फा झाडी, पाळी सुटताच सायकलींच्या रांगा. सेक्टरांतील रस्त्यांवर एकेरी-दुहेरीचा वाद उद्भवण्याचे कारणच नव्हते. परंतु रेल्वेमार्गालगतच्या सुपेला आणि पॉवर हाऊसच्या बाजारपेठा कोणी आखून दिल्या नाहीत. त्या गरजेने वाढल्या, आणि पेठांपुढचे प्रश्न आता त्यांच्याही पुढे आहेत. जी. ई. रोडवर अलीकडच्या वर्षांत उड्डाणपूल झाले. पुलावरून जाणाऱ्याचा वेळ वाचला, हे चांगलेच झाले. पुलाखाली राहणाऱ्याचे, विकणाऱ्याचे आणि रस्ता ओलांडणाऱ्याचे काय झाले, हा प्रश्नही त्याच आस्थेने विचारला गेला पाहिजे. या शहरात आपली मुले वाढली, नातवंडे वाढत आहेत. येथील रस्त्यांविषयी हरकती व सूचना मागवल्या जातील तेव्हा त्या पाठवणे हे आपले काम आहे. ‘आपण बाहेरचे’ असे म्हणून गप्प राहण्याचा काळ केव्हाच मागे पडला.

आणि या जी. ई. रोडचा, म्हणजे ग्रेट ईस्टर्न रोडचा, आपल्याशी आणखी एक ऋणानुबंध आहे. नागपूरहून रायपूरकडे येणारा हा रस्ता. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत याच दिशेने छत्तीसगडात उतरले. बिंबाजी भोसल्यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपूरला राहून कारभार पाहिला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि १९५६ पर्यंत दुर्ग-रायपूरच्या लोकांच्या सरकारी कामाच्या वाटा नागपूरकडेच जात राहिल्या. १८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वे राजनांदगावपर्यंत आली आणि पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने तिला हावड्याशी जोडले. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला, आणि १ नोव्हेंबर २००० पासून तो छत्तीसगड राज्य म्हणून ओळखला जाऊ लागला. राज्यांच्या सीमा बदलल्या. रस्त्याने मात्र आपल्या दोन्ही दिशा सोडल्या नाहीत. पहिल्या वाटेने सैन्य आणि कारभारी आले. नंतरच्या वाटेने शिक्षक, कारकून, अभियंते आणि कामगार आले.

परमुलखात स्थायिक होणाऱ्या समाजाची वाट एकेरी होण्याचा धोका नेहमीच असतो. पहिली पिढी दरवर्षी गावी जाते, दुसरी लग्नकार्यापुरती जाते, तिसरीला गावाचे नाव तेवढे ठाऊक असते. एकेरी रस्त्याप्रमाणेच हेही कोणी ठरवून करत नाही. सोयीसाठी केलेली गोष्ट कायमची होते. आपल्या मंडळाने पन्नास वर्षे जे काम केले त्याचे मोल आम्हांस येथे दिसते. गणेशोत्सवाला तिकडचे कीर्तनकार इकडे आले, इकडच्या मुलांनी बसवलेली नाटके पाहण्यास तिकडचे पाहुणे आले. छत्तीसगडी शेजाऱ्याने मोदक खाल्ला आणि आपल्या घरांत पोळ्याच्या दिवशी ठेठरी-खुरमी आली. देवाणघेवाण ही नेहमी दोन दिशांचीच असते.

रस्ता दुहेरी ठेवण्यास मोठे बांधकाम लागत नाही, हे त्या व्हँकूव्हर गावाने दाखवून दिले. मधली रेघ वेळच्या वेळी रंगवावी लागते आणि समोरून येणाऱ्याला जागा द्यावी लागते. पुढील पन्नास वर्षे हे काम आपल्या मुलांच्या हातून घडो, एवढीच या प्रसंगी आमची सदिच्छा.